चड्डीला सतत शी लागते आणि पोटही साफ होत नाही: पाच वर्षांच्या मुलासाठी नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वापाच वर्षांचा, वजन 17 किलो, सिनियर केजीत. चार-पाच दिवसांतून एकदा शी होते, तीही रडारड करून, आणि इतकी जाड की फ्लश केला तरी जात नाही. गेले दोन महिने दिवसातून दोन-तीनदा चड्डीला पातळ, चिकट शी लागलेली सापडते. विचारलं की "मला कळलंच नाही" म्हणतो. शाळेतून तक्रार आली आहे. डॉक्टरांनी रात्री 5 मिली लॅक्टुलोज (शी मऊ करणारं पातळ औषध) दिलं होतं, आठवड्यात फरक वाटला म्हणून बंद केलं. आजी एरंडेल द्या म्हणतात, बाबांना हा आळशीपणा वाटतो. मधूनमधून अंथरूणही ओलं होतं.

बाबांच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मुलगा खरं बोलतोय. त्याला खरोखरच कळत नाही.

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे मलाशय. ते एरवी जवळजवळ रिकामं असतं. वरून शी उतरली की त्याची भिंत ताणली जाते आणि "लागली" अशी जाणीव होते. मुलाने त्या क्षणी पाय आवळून शी रोखली तर थोड्या वेळाने ती जाणीव विरून जाते. शी मात्र तिथेच राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि तिचा खडा होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी थर बसतो. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मलाशय सैल पडतं आणि ताण जाणवण्याची त्याची क्षमताच मंदावते. गुदद्वाराचा आतला स्नायूही या भरलेल्या मलाशयामुळे अर्धवट ढिला राहतो. मोरीच्या तोंडाशी बोळा अडकला तरी पाणी कडेने झिरपतंच, तशी वरून येणारी पातळ शी खड्याच्या कडेने खाली येते आणि चड्डीला लागते. वासाचंही तसंच. सतत त्याच वासात राहणाऱ्या नाकाला तो जाणवत नाही.

म्हणून चड्डीला लागणारी ही पातळ शी जुलाब नव्हे. इथे घरोघरी हमखास चूक होते. पोट बिघडलंय म्हणून मऊ भात, डाळिंबाचा रस, कधी जुलाब थांबवणारं औषधही दिलं जातं आणि आतला खडा आणखी घट्ट होतो. चार वर्षांवरच्या मुलाची चड्डी वारंवार खराब होत असेल तर आधी साठलेल्या शीचाच विचार करायचा. बहुतेक मुलांत कारण तेच निघतं.

सुरुवात बहुधा एका दुखऱ्या शीने होते. ताप येऊन गेला, पाणी कमी प्यायलं गेलं, प्रवास झाला, शाळा सुरू झाली, किंवा संडासात बसवण्याची घाई झाली. शी कडक झाली, गुदद्वाराला बारीक चीर पडली. शी केली की दुखतं हे मूल एकदाच शिकतं आणि पुढच्या वेळी रोखून धरतं. रोखल्याने पुढची शी आणखी मोठी आणि कडक होते, आणखी दुखते. टाचा उचलून ताठ उभं राहणं, पाय एकमेकांवर आवळणं, पडद्यामागे किंवा टेबलाखाली जाऊन लाल चेहऱ्याने थरथरणं, हे पाहून आईवडिलांना वाटतं की मूल कुंथतंय पण शी होत नाही. प्रत्यक्षात मूल शी बाहेर येऊ नये म्हणून जोर लावत असतं. "जोर कर, जोर कर" म्हणून काही साधत नाही ते यामुळेच.

आधी कोणत्या गोष्टी तपासून घ्यायच्या

शंभरातल्या साधारण पंच्याण्णव मुलांत या त्रासामागे दुसरा आजार नसतो. उरलेली मुलं हुडकायला काही ठरावीक प्रश्न पुरतात. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला 48 तासांहून जास्त वेळ लागला होता का? बद्धकोष्ठता पहिल्या महिन्यातच सुरू झाली का? पोट कायम फुगलेलं आहे, वजन-उंची वाढत नाही, हिरवी उलटी होते, शी नेहमी फितीसारखी चपटी होते, चीर नसताना रक्त पडतं, पाय अशक्त वाटतात, कमरेच्या खालच्या भागात मणक्यावर केसांचा झुपका किंवा खोल खळगा आहे, गुदद्वाराची जागा पुढे सरकलेली दिसते, यांपैकी काहीही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉईड कमी असणं आणि गव्हातल्या ग्लुटेनचा सिलिअ‍ॅक आजार यांच्या रक्तचाचण्या गरज वाटली तर होतात, सरसकट नाहीत. पोटाचा एक्स-रेही सहसा लागत नाही. डावीकडे खाली पोटात हाताला लागणारा गोळा आणि नीट घेतलेली हकिकत यावर निदान होतं.

मूल लोहाचं सिरप, फिटचं औषध किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. "जंत झालेत" हे स्पष्टीकरण आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक मोहिमांत शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी जरूर द्या, पण आठवड्याची साठलेली शी तिने निघत नाही.

अचानक, बद्धकोष्ठतेचं काहीच लक्षण नसताना, अख्खी शी चड्डीत होऊ लागली तर गोष्ट वेगळी. तिथे रेचक द्यायचं नसतं. घरात, शाळेत, बसमध्ये काय बदललं, कुणाची भीती बसली का, कुणी त्रास देतंय का, हे शांतपणे शोधायचं. मूल तपासणीच्या वेळी त्या जागी हात लावू देईना इतकं घाबरत असेल तर त्याकडेही दुर्लक्ष करू नका.

पहिला टप्पा: आतडं रिकामं करणं

या मुलाचं औषध चुकलं नव्हतं. मात्रा अपुरी होती, मुदत त्याहून अपुरी, आणि पहिला टप्पाच राहून गेला होता. खडा तसाच ठेवून रोज थोडं रेचक दिलं की खड्याच्या कडेने झिरपणारी शी तेवढी वाढते. मग "औषधाने जास्तच होतंय" म्हणून ते बंद होतं.

खडा काढायला आज पहिली पसंती पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पावडरीला आहे. डॉक्टर तिला "पेग" म्हणतात. ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 साली एकत्र दिलेल्या मार्गदर्शनानुसार साठलेली शी काढायची मात्रा दर किलो वजनाला रोज 1 ते 1.5 ग्रॅम, आणि ती 3 ते 6 दिवस. 17 किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला 17 ते 25 ग्रॅम, दोन-तीन भागांत वाटून. सुरू करण्याआधी मुलाचं पोट तपासून घ्या आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुकानात पेगचे बरेच प्रकार मिळतात. काहींत क्षार घातलेले असतात, आणि मोठ्या माणसांच्या दुर्बीण तपासणीआधी आतडं धुण्यासाठीचं मोठं पाकीटही त्याच नावाने ओळखलं जातं. ते पाकीट मुलासाठी नव्हे. पाकिटावर किंवा डब्याच्या टोपणावर किती ग्रॅम मावतात ते वाचा. घरातल्या चमच्याने मोजू नका. चमचा शिगोशीग आणि सपाट यांतच मोठा फरक पडतो.

10 ग्रॅम पावडरीला साधारण 120 ते 150 मिली पाणी घ्या. ढवळून दोन-तीन मिनिटं थांबा, पूर्ण विरघळून पाणी नितळ दिसलं की द्या. साध्या पाण्याला तोंड वाकडं करणारं मूल लिंबू किंवा कोकम सरबतात मिसळलं तर निमूटपणे पितं. पाणी कमी घालून "एका घोटात संपव" करायला जाऊ नका. पावडर काम करते ती त्या पाण्याच्याच जोरावर.

हे दिवस सुट्टीचे निवडा. शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात केली तर बरं, पण सोमवारी-मंगळवारी शाळा बुडेल हे धरून चाला. पहिल्या एक-दोन दिवसांत कडक गोळे पडतात, मग चिखलासारखी शी, मग तपकिरी पाणी आणि त्यात बारीक कण. पोटात मुरडा येतो. चड्डी खराब होण्याचं प्रमाण या दिवसांत वाढतं, आणि बरेच आईवडील नेमके इथेच घाबरून औषध थांबवतात. थांबवू नका. शी पूर्ण पातळ झाली, तिच्यात एकही गोळा उरला नाही आणि पोट हाताला मऊ लागलं की टप्पा संपला. दर वेळी धुतल्यावर त्या जागेला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावा, नाहीतर कातडी सोलवटते आणि मूल पुन्हा रोखायला लागतं. चीर असेल तर टबात कोमट पाण्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसवा. डायपर लावायचा असेल तर रात्री लावा; तोही "आता तू लहान झालास" असं न म्हणता.

उलट्या सुरू झाल्या, पोट टणक होऊन फुगलं, ताप आला, मूल मलूल झालं, किंवा पूर्ण मात्रा देऊनही तीन दिवसांत काहीच पडलं नाही, तर औषध थांबवून दवाखाना गाठा. एनिमाने खडा तितकाच चांगला निघतो, पण रोखणाऱ्या मुलाच्या मनातली भीती दुप्पट होते. म्हणून तोंडावाटे जमत नसेल तरच एनिमा, आणि तोही डॉक्टरांकडे. फॉस्फेटचा एनिमा घरी आणून देऊ नका. लहान मुलांत त्याने रक्तातल्या क्षारांचं प्रमाण धोकादायक होऊ शकतं. साबणाची कांडी, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, हे बाळांसाठीचे जुने उपायही बंद करा. साबणाने आतली त्वचा भाजते, देठाने चीर पडते, आणि त्या जागेला कुणी काही करणार ही धास्ती कायमची बसते.

आजींच्या एरंडेलाबद्दल. एरंडेल आतड्याला चाबूक मारून कामाला लावतं, पोटात कळा येतात आणि एकदा सपाटून पोट साफ होतं. सैल झालेलं मलाशय दोन-चार दिवसांत पुन्हा भरतं, आणि मुलाच्या लेखी "शी म्हणजे दुखणं" हे समीकरण पक्कं होतं. नाक दाबून, जबरदस्तीने तेल पाजणं तर धोक्याचं. ते श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला इजा होते. लिक्विड पॅराफिन असलेल्या रेचक मिश्रणांचंही हेच. वर्षाच्या आतल्या बाळाला, उलटी करणाऱ्या किंवा नीट गिळता न येणाऱ्या मुलाला ती देऊच नयेत. इसबगोलाबद्दल विचारलं जातं. ते शीचा आकार वाढवतं. आत खडा असताना वरून आणखी गोळा तयार करण्यात काय अर्थ?

दुसरा टप्पा: रिकामं ठेवणं

ताणलेलं मलाशय मूळ आकाराला यायला महिने लागतात. त्या काळात ते पुन्हा भरू द्यायचं नाही, इतकाच या टप्प्याचा हेतू. खडा निघाल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून रोजची मात्रा सुरू करा, मध्ये "पोटाला विश्रांती" नको. पेगची सुरुवात दर किलोला 0.4 ग्रॅम, म्हणजे या मुलाला सुमारे 7 ग्रॅम. गरजेप्रमाणे दर किलोला 0.2 ते 0.8 ग्रॅम. पेग मिळत नसेल किंवा मूल वर्षाच्या आतलं असेल तर लॅक्टुलोज, दर किलोला दिवसाला 1 ते 3 मिली, दोन भागांत. 17 किलोला ते किमान 17 मिली होतं. आधी दिलेल्या 5 मिलीशी तुलना करून पाहा. लॅक्टुलोजने सुरुवातीला पोट गुबारतं आणि वारा सरतो, ते पंधरवड्यात कमी होतं.

मात्रा बरोबर आहे की नाही हे शीच सांगते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला सात प्रकारांचा शीचा तक्ता डॉक्टर वापरतात. घरच्या भाषेत सांगायचं तर शेळीच्या लेंड्या हा पहिला प्रकार, भेगाळलेलं जाड लाकूड तिसऱ्याच्या आसपास, सोललेल्या केळ्यासारखी गुळगुळीत मऊ शी चौथा, आणि नुसतं पाणी सातवा. आपल्याला रोज किंवा एक दिवसाआड चौथा-पाचवा हवा. रोखणाऱ्या मुलाला सुरुवातीचे काही आठवडे पाचवा, म्हणजे किंचित जास्तच मऊ, असलेला बरा. इतकी मऊ शी रोखताच येत नाही. सलग दोन दिवस कडक झाली किंवा झालीच नाही तर मात्रा एक चतुर्थांशाने वाढवा. सलग दोन दिवस पाण्यासारखी झाली तर तितकीच कमी करा. शून्यावर आणू नका. एखाद्या दिवसाच्या शीवरून काहीच बदलू नका. आज वाढव, उद्या बंद कर या खेळात महिना जातो.

"सवय लागेल का?" पेग आणि लॅक्टुलोज आतड्याच्या स्नायूंना ढोसत नाहीत, फक्त पाणी धरतात. सवय लागल्यासारखं दिसतं ते औषध लवकर थांबवल्यामुळे: मलाशय अजून सैल असतं, शी पुन्हा साठते आणि घरच्यांना वाटतं की औषधाशिवाय होईनासं झालं. किमान दोन महिने औषध चालू, त्यातला शेवटचा पूर्ण एक महिना एकही तक्रार नसलेला, आणि मगच हळूहळू कमी, हा कमीत कमी हिशोब. वर्ष-सहा महिने त्रास साठलेल्या मुलांना याहून बराच जास्त काळ लागतो. मूल संडासात बसायला अजून शिकत असेल तर ते शिकून स्थिरावेपर्यंत औषध थांबवायचं नाही.

बसवायचं कसं आणि केव्हा

जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं. म्हणून जेवणानंतर 15 ते 30 मिनिटांत बसवायचं, दिवसातून दोनदा, एका वेळी पाच मिनिटं, फार तर दहा. सकाळी सात-सव्वासातला बस असेल तर नाश्त्यानंतरचा वेळ पळापळीत जातो. मुलाला वीस मिनिटं आधी उठवणं जमलं तर उत्तम, नाहीतर सकाळचा हट्ट सोडा. शाळेतून येऊन जेवल्यावर एकदा आणि रात्रीच्या जेवणानंतर एकदा, हे जास्त घरांत टिकतं. घड्याळात पाच मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की उठायचं, शी होवो न होवो. गोष्टीचं पुस्तक चालेल, मोबाईल नको. त्यात मूल अर्धा तास बसून राहतं आणि कशासाठी बसलोय तेच विसरतं.

कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळतात. लोंबत्या पायांनी ओटीपोटाचे स्नायू सैल सोडताच येत नाहीत, शिवाय भोकात पडायची भीती. वर मुलांची छोटी सीट बसवा आणि पायाखाली एवढा उंच पाट किंवा प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा की गुडघे कमरेपेक्षा वर येतील आणि तळवे पूर्ण टेकतील. कोपरं गुडघ्यांवर, अंग थोडं पुढे. देशी संडासात बसण्याची ढब मुळातच चांगली आहे. अडचण वेगळी: पावलं ठेवायच्या जागा मोठ्या माणसाच्या अंतरावर, लादी ओली, भोक मोठं आणि काळोख. धरायला भिंतीला दांडी किंवा तुमचे हात द्या, दिवा लावा, लादी पुसून कोरडी करा. चार वर्षांखालच्या मुलाला खुशाल पॉटीवर बसवा, फक्त तिथेही पाय टेकले पाहिजेत. तान्ह्या बाळाला आपल्या पसरलेल्या पायांवर उकिडवं बसवायची आजीची पद्धत याच तत्त्वावर चालते.

कुंथायला सांगितलं की रोखणारी मुलं उलट गुदद्वार आवळतात. त्याऐवजी तोंडाने काहीतरी फुंकायला द्या: फुगा, भिरभिरं, पिपाणी. फुंकताना पोट पुढे येतं आणि खालचे स्नायू सैल पडतात. पहिल्या वेळी सगळेच हसतात, पण उपाय बरा आहे.

डायपर लावल्याशिवाय शी करायचीच नाही, असा हट्ट धरणारी तीन-चार वर्षांची मुलं पुष्कळ. डायपर काढून घेतला तर ती चार-चार दिवस रोखतात, म्हणून काढून घेऊ नका. डायपर द्या, पण शी संडासाच्या खोलीत उभं राहून करायची. आठवड्याने, डायपर घालून झाकण लावलेल्या कमोडवर बसून. मग झाकण उघडून. मग डायपरला खाली भोक पाडून, ते दर दोन-तीन दिवसांनी मोठं करत. शेवटी कमरेला नुसती पट्टी उरते. महिना-दीड महिना जातो. प्रत्येक पायरीवर शी मऊ असली पाहिजे. एक कडक शी झाली की दोन पायऱ्या मागे.

बक्षीस द्यायचं ते बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही. बसणं मुलाच्या हातात असतं. कॅलेंडरवर प्रत्येक बसण्याला एक चांदणी आणि ठरावीक चांदण्यांना काहीतरी छोटं, त्याच दिवशी मिळणारं. "दिवाळीत सायकल" हे पाच वर्षांच्या मुलासाठी नसल्यासारखंच.

चड्डी खराब झाल्यावर

आवाज चढवू नका, नाक मुरडू नका, भावंडांसमोर विषय काढू नका. थंड पाण्याने धुणं, चड्डी स्वतः धुवायला लावणं या शिक्षांनी मूल लपवायला शिकतं आणि मळक्या चड्ड्या गादीखाली सापडू लागतात. "चल, बदलूया" एवढंच. पाच वर्षांचं मूल चड्डी काढून बादलीत टाकणं आणि हात साबणाने धुणं हे करू शकतं. ते कामाचा भाग म्हणून, रागाने नव्हे. आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. आई शांत, बाबा ओरडणारे आणि आजी "शी शी, घाण" म्हणणाऱ्या, अशा घरात औषध चांगलं असूनही वेळ दुप्पट लागतो.

शाळेत बाईंना एकदा समक्ष भेटून सांगा की हा आजार आहे, उपचार चालू आहेत आणि त्याला कधीही, हात वर न करता, संडासला जाऊ द्यावं. बरीच मुलं शाळेत जातच नाहीत: कडी लागत नाही, पाणी नसतं, वास येतो, मोठी मुलं दारावर थापा मारतात. नेमकं काय अडतं ते मुलाकडून काढून घ्या. कडीचा प्रश्न मावशींना बाहेर उभं करून सुटतो. दप्तरात एका पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, ओले वाइप्स आणि मळके कपडे ठेवायला घट्ट बंद होणारी पिशवी. वर्गाबाहेर, एकाच ठरलेल्या व्यक्तीने बदलायला मदत करायची.

खाणंपिणं

खाण्याला आपल्याकडे या आजारात गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळतं. साठलेला खडा पपईने निघत नाही. तरी रोजचं खाणं सुधारल्याशिवाय औषधही सुटत नाही. मुलाचं वय अधिक पाच, इतके ग्रॅम तंतू रोज पोटात जावेत. पाच वर्षांला 10 ग्रॅम. ज्वारीच्या एका भाकरीत साधारण 4-5 ग्रॅम, मध्यम पेरूत तेवढेच, अर्धी वाटी मटकीच्या उसळीत 3-4. म्हणजे भाकरी, उसळ आणि एक फळ यांत काम झालं. याहून जास्त कोंडा कोंबल्याचा फायदा दिसलेला नाही. बिस्किटं, खारी, टोस्ट, नूडल्स, पॅकेटमधलं चटरमटर यांनी पोट भरतं आणि भाकरीची भूकच राहत नाही, खरा तोटा तो.

दूध हा मोठा अडथळा. बाटलीने किंवा पावडर घालून दिवसाला लिटरभर दूध पिणारी मुलं जेवत नाहीत, त्यांच्यात लोह कमी पडतं आणि शी पांढुरकी, कडक होते. दिवसाला 400 ते 500 मिलीवर आणा, दही-ताक धरून. सगळे उपचार नीट होऊनही फरक नसेल तर गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी पाहायला दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून पाहतात. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पाणी तहानेपुरतं, पण दिवसभर विभागून. शाळेची बाटली भरलेलीच परत येते का, तेवढं बघा.

अंगावर पिणाऱ्या बाळाची आईने धास्ती घेऊ नये. सहा-सात दिवसांनी शी झाली आणि ती मऊ असेल, बाळ नीट पीत-वाढत असेल, तर त्याला बद्धकोष्ठता म्हणत नाहीत. गुटी, साखरपाणी, पानाचा देठ यांतलं काहीच लागत नाही.

अंथरूण ओलं होतं त्याचं

भरलेलं मलाशय पुढच्या मूत्राशयावर दाबतं. मूत्राशयाला फुगायला जागा राहत नाही, ते पूर्ण रिकामंही होत नाही. त्यामुळे दिवसा चड्डीत शूचे थेंब, रात्री अंथरूण, आणि मुलींमध्ये वारंवार लघवीचा संसर्ग. पोट साफ राहू लागलं की यातला बराच भाग आपोआप कमी होतो, म्हणून आधी पोट, मग शू. दिवसा दर दोन-तीन तासांनी शूला पाठवा, चड्डी घोट्यापर्यंत खाली, पाय फाकवून, घाई न करता. लघवीला जळजळ, ताप, किंवा सतत थेंब गळत असतील तर लघवीची तपासणी लगेच करा. पाच वर्षांच्या आसपास रात्री कधीकधी अंथरूण ओलं होणं एरवीही आढळतं. फक्त त्यासाठी औषध सुरू करायची घाई नसते.

वहीत काय लिहायचं आणि औषध कधी सुटतं

एका वहीत रोज पाच गोष्टी लिहा: औषध किती दिलं, किती वेळा बसला, शी झाली का, तिचा प्रकार, चड्डी खराब झाली का. पुढच्या भेटीत "बरं आहे, पण कधीकधी…" यापेक्षा ही दोन पानं डॉक्टरांना उपयोगी पडतात. पहिली भेट खडा निघाल्यावर आठवड्याने, पुढची महिन्याने. आठवड्यातच चड्डी पुन्हा रोज खराब होऊ लागली असेल तर खडा पूर्ण निघालाच नव्हता. पहिला टप्पा पुन्हा करावा लागतो. दोन-तीन महिन्यांत नीट मात्रा देऊनही काहीच फरक नसेल तर बालपोटविकारतज्ज्ञांकडे जा.

नीट उपचार झालेल्या मुलांतली साधारण निम्मी सहा महिने ते वर्षभरात औषधाशिवाय बरी राहतात. बाकीच्यांना जास्त वेळ लागतो, मधूनच परत त्रासही होतो. औषध कमी करायला घ्याल तेव्हा दर तीन-चार आठवड्यांनी एक चतुर्थांश कमी, आणि परीक्षा, लग्नाचा प्रवास किंवा नव्या शाळेचा पहिला महिना यांच्या तोंडावर नाही. कमी केल्यावर दोन दिवस शी झाली नाही किंवा कडक झाली, तर त्याच संध्याकाळी आधीच्या मात्रेवर जा आणि महिनाभर तिथेच राहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना पावडर सामानात टाका; पाणी बदलतं, संडास अनोळखी असतो, आणि परत येणारी बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.